इन्स्पेक्टरकाकांची भिंत

इन्स्पेक्टरकाका कशावरही पटकन विश्वास ठेवत नसत. दूधवाला म्हणाला, दूध ताजं आहे, की ते विचारत, "कशावरून?" ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी आयुष्यभर सुटे भाग तपासायची, इन्स्पेक्टरची नोकरी केली. निवृत्तीनंतर ते नाशिकला इंदिरानगरमध्ये आमच्या सोसायटीत राहायला आले. जिन्यात अनोळखी पिशवी दिसली, की तिचा मालक सापडेपर्यंत ते तिथून हलत नसत. या सवयीला कोणी हसत नसे. त्र्याण्णवच्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत त्यांचा धाकटा भाऊ गेला होता.

काका बेने इस्रायली, म्हणजे मूळचे कोकणातले मराठी ज्यू. त्यांच्या घरात दारासमोरच्या भिंतीवर हातभर चौकोन गिलाव्याविना सोडलेला होता. विटा दिसत. ओल असेल, आत दागिने चिणले असतील, असे तर्क सोसायटीत चालत. मी एकदा विचारलंच.

"यरुशलेमचं आमचं देऊळ दोन हजार वर्षांपूर्वी पाडलं, ते पुन्हा उभं राहीपर्यंतची ही खूण. वडिलांच्या घरातही होती," ते म्हणाले. "आता भावाचीही हीच."

"रोज समोर दिसतं. त्रास होत नाही?"

"होतो. पण जागा सोडलीय ती एक दिवस भरायची म्हणून. नुसती झाकायची असती, तर कॅलेंडर लावलं असतं."

दोन हजार सहामध्ये मुंबईत पुन्हा स्फोट झाले. त्याच पावसाळ्यात मालेगावचा इस्माईल आमच्या मजल्यावरचा रिकामा फ्लॅट भाड्याने मागायला आला. पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचा. बरोबर बायको आणि लहान मुलगी. सोसायटीने बैठक बोलावली.

"काका, तुमच्या घरातला माणूस गेलाय," चेअरमन म्हणाले. "तुम्ही नको म्हणालात, की विषय संपला."

काकांनी इस्माईलला सर्वांसमोर उलटसुलट विचारलं. आधी कुठे राहत होता, ते घर का सोडलं, दुकान कुठे. जुन्या घरमालकाला फोनही लावला. इस्माईल घामाघूम झाला. शेवटी काका म्हणाले, "पास."

"अहो, पण ही माणसं..."

"मी एकेक नग तपासतो. न तपासता अख्खा लॉट बाद करायचा, हे युरोपात आमच्या ज्यू माणसांबाबतीत झालंय. तुमचं तपासायचं राहिलंय, चेअरमन. बसा समोर."

चेअरमन बसले नाहीत. इस्माईल राहायला आला. "या मजल्याचा व्हिसा लवकर मिळाला," असं तो काकांना चिडवत असे.

पुढे काका मुलीकडे इस्रायलला निघाले. कुलूप पुन्हा पुन्हा ओढून पाहिलं. किल्ली मात्र इस्माईलच्या हातात दिली. "घर रंगवून घे. मजुरांकडे लक्ष ठेव."

दिवाळीनंतर त्यांचा फोन आला, तेव्हा मी इस्माईलकडेच होतो. त्याने स्पीकर लावला.

"रंग झाला?"

"झाला, काका. तेवढा तुकडा सोडून."

"कशावरून?"

"येऊन तपासा."

मग काका म्हणाले, "येतो. तोवर तिथे कॅलेंडर लावू नकोस."

काका आले नाहीत. ते तिकडेच वारल्याचं त्यांच्या मुलीने कळवलं. किल्ली अजून इस्माईलकडे आहे. कॅलेंडर त्याने लावलेलं नाही.