कडू घास

"थांब म्हणावं त्याला. माझं एक काम ऱ्हायलंय."

दम्याची उबळ ओसरली की मावशी उंबऱ्याकडं हात दाखवून असं म्हणायची. 'त्याला' म्हणजे यमाला. नको त्या पाहुण्याला ताटकळत ठेवावं, तसं तिनं त्याला वर्षानुवर्षं दारात बसवून ठेवलं होतं.

काम कोणतं, हे मुरुमजवळच्या आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. निजामी अमलाच्या शेवटच्या वर्षी तिच्या नवऱ्यानं पत्रकं वाटली. गावातल्याच एकानं निजामाच्या बंदूकवाल्यांना घर दाखवलं. नवरा अंगणातच पडला. आपल्याकडं मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकरी आणतात, समोर बसून दोन घास खायला लावतात. तो कडू घास. मावशीच्या दारी त्या दिवशी कुणी आलं नाही. सगळ्यांनी आतून कड्या लावल्या होत्या.

घर दाखवणारा पुढं पांढरी टोपी घालून सरपंच झाला. झेंडाही तोच चढवायचा.

नवऱ्याची उरलेली पत्रकं मावशीनं कणगीत जपली होती. मी अक्षरं शिकलो ती त्यांच्यावरच. मोठा झाल्यावर म्हणालो, "मावशी, सरपंचाचं सगळं छापून गावभर वाटतो."

"छाप की. दुकानदार त्यात शेंगदाणे बांधंल." ती हसली. "त्याच्या घरचा कडू घास म्याच नेणार. लिंबाचा पाला वाटून घालणार. कडू घासाला न्हाय म्हणता येत न्हाय, बाबा."

हे सरपंचाच्याही कानावर होतं. पारावरून तो विचारायचा, "काय म्हातारे, पाला वाळला का?"

"झाड हिरवं हाय, सरपंच. तुमी सावकाश मरा."

दुष्काळाच्या साली सरपंच गेला. मावशीला तेव्हा धड बसवतही नव्हतं. तरी तिनं चूल पेटवली, पाला वाटला, टोपली माझ्या हातात दिली आणि माझ्या खांद्याचा आधार घेत निघाली.

सरपंचाची पोरं जेवायला बसली. पहिल्याच घासाला त्यांची तोंडं वाकडी झाली.

"गिळा," मावशी म्हणाली. "मला तर ह्यो बी मिळाला न्हवता."

पोरांनी मान खाली घालून गिळलं. खोटं कशाला सांगू, मला ते पाहून गोड वाटलं.

सरपंचाची बायको मात्र न थांबता खात होती. भाकरी संपवून म्हणाली, "त्या दिशी म्या पिठलं केलतं, बाई. ह्यांनी भाईर पडू दिलं न्हाय."

मावशीनं रिकामी टोपली जवळ ओढली. "मग आज खाल्लंस ते बराबर हाय," एवढंच बोलली.

घरी आल्यावर तिनं मला दार सताड उघडायला लावलं. "आता यिऊ दे त्याला. लई ताटकळला." आठवडाभरात ती गेली.

तिला पोटचं कुणी नव्हतं, म्हणून अग्नी मी दिला. संध्याकाळी तिच्या दारात टोपल्यांवर टोपल्या आल्या. तेव्हा कड्या लावणारे सगळे आज पदराखाली पिठलं झाकून, मान पाडून उभे. चांगुलपणा उशिरा आला तरी घ्यावा, असं तुम्ही म्हणाल. मी एकेकाला परत पाठवलं. कडू घासाला नाही म्हणता येतं, हे गावानं त्या दिवशी पाहिलं.

सगळ्यांत शेवटी सरपंचाची बायको आली. तिनं टोपलीवरचं फडकं काढलं.

पिठलं हिरवं होतं.

मी हात धुऊन बसलो.