'नवीन' असं छापलेला डबा

परवा दुकानात बाबांनी टाल्कम पावडरच्या डब्याचं झाकण फिरवून वास घेतला आणि त्यांचा चेहरा पडला.

"ही ती नाही," ते म्हणाले.

"काका, कंपनी तीच, नाव तेच. फक्त डबा बदललाय," दुकानदार हसून म्हणाला.

ही पावडर आई लावायची. ती गेल्यावर बाबा लावू लागले. आता डब्यावर ठळक अक्षरांत 'नवीन' छापलेलं होतं. खप उतरला की कंपन्या जुन्या मालाला असा नवा अंगरखा चढवतात आणि त्याचं आयुष्य थोडं लांबवतात. धंद्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचंही असेल. पण 'नवीन' वाचलं की मला हल्ली संशयच येतो. नाव तेच ठेवून आतलं काय काढून घेतलं, हे मात्र डब्यावर कुठेच छापत नाहीत.

"मागे एखादा जुना डबा असेल तर बघता का?" बाबांनी विचारलं.

दुकानदाराने शोधून एक धुळकट डबा काढून दिला. बाबा त्या डब्यातली पावडर आता अंगाला लावत नाहीत. संध्याकाळी झाकण किंचित फिरवतात, डोळे मिटून वास घेतात आणि संपू नये म्हणून लगेच घट्ट बंद करतात.