पत्रावळीचा नेम

आमच्या घरी नवं वर्ष पाडव्याला सुरू होई. गुढी उभी राहिली, कडुनिंबाचा पाला सगळ्यांनी तोंड वाकडं करून चावला, की माझी मोठी जाऊ ओसरीच्या खांबाला टेकून उभी राही आणि त्या वर्षाचा नेम सांगे. वाया काय जाऊ द्यायचं नाही, याचा नेम. दरवर्षी एकच, आणि तो पुढच्या पाडव्यापर्यंत घरातल्या सगळ्यांनी पाळायचा.

सत्तरच्या दशकात मी भंडाऱ्याहून लग्न होऊन कोंढ्याकडच्या त्या गावात गेले. मॅट्रिक झाले होते, त्यामुळे मला बरंच कळतं असा माझा समज होता. पहिल्याच आठवड्यात मी भात वेळला आणि पेज मोरीत ओतली. दुसऱ्या दिवशी मी भाताचा गंज तिरका केला, तर खाली जाऊबाईची बादली आधीच ठेवलेली. पेज गाईला गेली. त्या वर्षीचा नेम पेजेचा होता, हे मला तेव्हा कळलं. पुढच्या वर्षी कंदिलाच्या काचेचा नेम आला. काच रोज राखेनं घासायची. मला वाटलं, ही स्वच्छतेची हौस. ती म्हणाली, "काच काळी झाली का माणूस वात वर करते. उजेड तेवढाच, घासलेट दुप्पट." मॅट्रिकच्या पुस्तकात हे कुठे नव्हतं.

एकदा मी विचारलं, "बाई, एकच नेम काहून? दहा करा ना, लवकर फायदा होईल."

"दहा केले तर दहाही मोडते. एक केला तर मोडाले लाज वाटते."

मला कोणाचं कौतुक करायची सवय नाही. माझ्या मुली म्हणतात, आई चांगल्या स्वयंपाकालाही 'बरा आहे' एवढंच म्हणते. पण जाऊबाईचं कौतुक मी करते, आणि ते का, हे एका लग्नात घडलेल्या गोष्टीवरून सांगते.

लग्न आमच्या नणंदेचं होतं. आमच्या सासूबाई लवकर गेल्या होत्या. नणंद तेव्हा चार वर्षांची. जाऊबाईनंच तिला वाढवलेलं. सोयरीक लाखनीची जुळली. मोठ्या सडकेवर घर आणि खाली दुकान. दिवसभर दारावरून ट्रक जात, त्यामुळे आपण जग पाहिलं आहे असं ती माणसं समजत. लग्न वैशाखात ठरलं. त्याआधीच्या पाडव्याला जाऊबाईनं नेम सांगितला.

"यंदा आपल्या घरी पत्रावळीत अन्न टाकायचं नाही. घरच्यानं नाही, पाहुण्यानंही नाही."

नणंद तिथेच पाय आपटत म्हणाली, "वयनी, माह्याच लग्नाच्या वर्षी हा नेम काहून? मी सासरी गेल्यावर कर ना!"

"तू गेल्यावर आपल्याकडे एवढं कोण येते जेवाले?"

भासऱ्यांना, म्हणजे जाऊबाईच्या नवऱ्याला, वेगळीच काळजी. "लाखनीवाले म्हणतील, पोरीच्या लग्नात याईचा हात आखडला. मांडवातून उठून गेले तर?"

"हात मोकळाच ठेवीन. लोकाईचं मी पाहून घेईन."

भासऱ्यांची काळजी खोटी नव्हती. आमच्याकडे पंगतीत वाढायची रीत अशी की पत्रावळीचं हिरवं पान दिसता कामा नये. दिसलं तर यजमान कंजूष. आणि जेवणाऱ्याची रीत अशी की पानात थोडं टाकून उठायचं. पान पुसून खाल्लं तर तो उपाशी राहिला असं समजून आणखी वाढत. दोन्ही बाजूंनी मान राखला जाई, आणि दोन्ही मान उकिरड्यावर जात.

नेमामागचं कारण तिनं पाडव्याला सांगितलं नाही. ते मला पत्रावळी टोचताना कळलं. वैशाखाआधी आम्ही दोघी रोज दुपारी पळसाची पानं घेऊन बसत असू. एका दुपारी खाली मान घालून, हातातली काडी न थांबवता ती बोलली. आदल्या उन्हाळ्यात अड्याळला एका लग्नाला ती गेली होती. जेवण झाल्यावर हात धुवायला मांडवामागे गेली, तर उष्ट्या पत्रावळींच्या ढिगाशी एक बाई टोपली घेऊन बसलेली. बुंदी वेगळी, भात वेगळा, असं निवडत होती. बाईनं मान वर केली. ती आमची रोवणीवाली निघाली. दर आषाढात आमच्या बांधीत धान रोवायला तीच बायांची टोळी घेऊन येई. तिच्याशिवाय आमची रोवणी सुरू होत नसे.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. तिनं पदर तोंडावर घेतला, मी इकडून फिरली. आम्ही दोघीही कोणाले बोललो नाही." एक पान तिनं उलटं करून लावलं. "तिच्या हातानं रोवलेला भात, अन् तिले उष्ट्यातून वेचा लागते. यंदा मी तिच्या घरी अक्षता देऊन येतो. तिले पंगतीत बसवीन. पण शेवटच्या पंगतीपर्यंत अन्न उरलं पाहिजे ना."

ते उरणं सोपं नव्हतं. घरात जेवढे तांदूळ होते तेवढेच होते. पहिल्या दोन पंगतींत नेहमीसारखं टाकलं गेलं, तर शेवटच्या पंगतीला रिकाम्या गंजाचा खडखडाट ऐकू आला असता. मग अक्षता देऊन बोलावलेल्या बाईला पुन्हा ढिगाकडेच जावं लागलं असतं, तेही आमच्याच मांडवामागच्या.

हळदीच्या दिवशी गावजेवण होतं. लग्नाची रंगीत तालीमच म्हणा. गावाला नेम ठाऊक झाला होता. बायांच्या पंगतीला वाढायला मी होते. सगळ्या बायांनी जाऊबाईचा शब्द राखला, पानं अगदी पुसून खाल्ली. आणि मी काय केलं? स्वच्छ पान दिसलं की हात आपोआप पुढे. या पानावर भात, त्या पानावर वरण. "अवो, पुरे!" म्हणणारीला मी "घ्या हो, लाजता काहून?" म्हणत आणखी वाढत गेले. वाढण्याची सवय अशी की डोळे पान बघतात, कान काही ऐकतच नाहीत. पंगत उठली तेव्हा पानांवर नेहमीपेक्षा जास्त अन्न पडलं होतं.

नणंद अंगाला हळद लावून बसली होती. तिथूनच ओरडली, "वयनी, तुझ्या नेमानं बैलाची मजा झाली!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाऊबाई ढिगाजवळ कमरेवर हात ठेवून उभी राहिली. रागावली नाही. तिचं हे मला नेहमी नवल वाटे. काही बिघडलं की तिचं लक्ष माणसावर न जाता कामावर जाई.

"स्वच्छ पान पाहून तुले समजलं नाही, झालं का आणखी पाहिजे," ती म्हणाली. "खाणारीनं खूण केली पाहिजे."

तिनं एक कोरी पत्रावळ उचलली आणि आपल्याकडची कड आत दुमडली. "हे असं. दुमडली का वाढायचं नाही. दुमडली नाही तोवर वाढत राहायचं, पण पळीनं नाही, डावानं. थोडं थोडं, दहा वेळा."

आमच्याकडे पळी मोठी, डाव लहान. त्या संध्याकाळी तिनं घरातल्या सगळ्या पळ्या गोळा करून कोठीत ठेवल्या आणि किल्ली कमरेला लावली. वाढणाऱ्या गड्यांना डाव दिले. एक जण म्हणाला, "बाई, यानं वाढलं तर लाखनीवाले आपल्याले मारतील."

"पहिला मार मी खातो. तू वाढ."

राहिली एकच अडचण. आपल्या गावाला खूण सांगता येत होती. पण वऱ्हाडाला "पत्रावळ अशी दुमडा" हे सांगायचं कोणी? वरपक्षाला जेवायचं कसं हे शिकवणं म्हणजे भांडणाला बोलावणं. भासरे म्हणाले, मी सांगणार नाही. माझे यजमान म्हणाले, मी तर नाहीच नाही.

वऱ्हाड ट्रकमधून आलं. अकराचा मुहूर्त. अक्षता पडल्या आणि लगेच पहिली पंगत बसली. जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव होता, तरी ऊन फटींतून खाली उतरत होतं. पंगतीच्या सुरुवातीला नवरदेवाचे मामा. त्यांच्या मिशा पिळलेल्या, आवाज मोठा, आणि सगळं वऱ्हाड त्यांच्या तोंडाकडे बघणारं. गड्यानं डावानं भात वाढला. पानाच्या मध्ये छोटा ढीग आणि चारी बाजूंनी हिरवं पान. मामांनी त्या ढिगाकडे पाहिलं, मग गड्याकडे.

"का जी, भात वाढून राहिले का औषध देऊन राहिले? सकाळ-संध्याकाळ किती डाव घ्यायचे?"

वऱ्हाड हसलं. आमच्याकडचं कोणी हसलं नाही. मामांनी पत्रावळ दोन बोटांनी पुढे सरकवली. मुंडावळ्या बाजूला सारून नणंद दाराआडून बघत होती. भासरे हात जोडून पुढे निघाले.

त्यांच्या आधी जाऊबाई पोचली. पुरुषांच्या पंगतीत बाईनं वाढायची आमच्याकडे रीत नव्हती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, गड्याच्या हातचं भाताचं भांडं आणि डाव घेतला आणि मामांच्या पुढे उभी राहिली.

"मामाजी, राग नका धरू. आम्ही गरम वाढतो. एकदाच ढीग घातला तर खालचा थंड होते. तुम्ही जेवा, मी इथंच उभी आहे. तुम्ही पत्रावळीची कड दुमडत नाही तोवर माहा हात थांबणार नाही."

"अन् मी दुमडलीच नाही तर?"

"तर मी पाडव्यापर्यंत वाढीन."

मामांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. पत्रावळ परत ओढली आणि जेवायला लागले. एक डाव संपला की दुसरा. वरण, कढी, वांग्याची भाजी. बुंदी आली की जाऊबाई ती स्वतः वाढे. मामांनी हट्टानं खाल्लं. शर्टाचं वरचं बटण सोडलं. शेजारच्यानं म्हटलं, "मामा, बस झालं," तर म्हणाले, "थांब बे, विहीणबाई थकते का मी थकतो ते पाहू." ती थकली नाही. वैशाखाच्या उन्हात, भरलेलं भांडं कडेवर घेऊन, ती बाई तशीच उभी. शेवटी मामांनी घामेजलेल्या कपाळाला हात लावला, जोरात ढेकर दिली आणि पत्रावळीची कड दुमडली.

"हरलो, विहीणबाई. असं पोटभर तर माह्या घरी कोणी वाढलं नाही."

पुढचं आपोआप झालं. वऱ्हाड मामांच्या तोंडाकडे बघत होतंच, आता सगळ्यांनी त्यांच्या पत्रावळीकडे पाहिलं. पंगतभर कडा दुमडल्या गेल्या. दुसऱ्या पंगतीत तर एकमेकांना "दुमड, नाही तर ती बाई येईल" म्हणून चेष्टा सुरू झाली. नणंद दाराआडून आत गेली. नंतर तिनं मला सांगितलं, आत जाऊन ती आधी रडली आणि मग पोटभर जेवली.

ऊन कलल्यावर शेवटची पंगत बसली. वाजंत्रीवाले, ट्रकचा ड्रायव्हर, पाणी भरणारे, पत्रावळीची पानं आणून देणारे, आणि रोवणीवाली. ती येऊन मांडवाच्या कडेलाच उभी राहिली होती. जाऊबाईनं तिला हाताला धरून मध्ये बसवलं. गंजात भात होता, तोही गरम. बुंदीही होती. मी झाकण उघडून पाहिलं तेव्हा मला हायसं वाटलं, हे कबूल करते.

रोवणीवाली सावकाश जेवली. शेजारणीशी बोलत, पाणी पीत, पाहुणीसारखी. मी दोनदा वाढलं, तिनं दोनदा घेतलं. मग तिनं हात थांबवला. पानात मूठभर भात आणि थोडी बुंदी राहिली होती. ती तिनं तशीच राहू दिली, कड दुमडली आणि उठली. हात धुवायला जाताना मागे वळूनही पाहिलं नाही.

मला राग आला. दिवसभर आमची तारांबळ उडाली ती कोणासाठी? सगळ्या मांडवात अन्न टाकलेलं एकच पान, आणि ते हिचं? मी बोलायला तोंड उघडलं, तर जाऊबाईनं माझा दंड धरला.

"राहू दे."

"पण बाई, नेम—"

"राहू दे म्हटलं ना. पाहुणीनं टाकलं."

तिनं ते पान स्वतः उचललं. इतर पत्रावळी गडी गोळा करत होता, त्याला तिनं हे दिलं नाही. गोठ्यापर्यंत दोन्ही हातांवर धरून नेलं आणि बैलाच्या गव्हाणीत रिकामं केलं. मग परत येऊन कमरेची किल्ली काढली आणि मला म्हणाली, "जा, पळ्या काढ कोठीतून. उद्या धुवा लागतील."