पाणीकाकांचे सात मासे

कापड रंगवायच्या कारखान्याच्या पार मागे, जिथं साहेबलोक रुमाल नाकाला लावूनसुद्धा फिरकत नसत, तिथं पाणीकाकांचं राज्य होतं. रंगाचं लालनिळं सांडपाणी एका हौदातून दुसऱ्या हौदात निवळत जायचं आणि शेवटी नितळ होऊन नाल्याला मिळायचं. त्या शेवटच्या पाण्यानं काकांनी एक काचेची टाकी भरली होती आणि तिच्यात मासे सोडले होते. मासे जगले तर पाणी चांगलं, इतकी साधी गोष्ट!

पहिले मासे दोन दिवसांत गेले. काका हट्टाला पेटले. पाणी निवळायचं औषध कमी करून बघ, हवा जास्त सोडून बघ, नाना खटपटी केल्या. आता हे सात मासे अकरा महिने जगले होते. दुपारचं ऊन काचेत उतरायचं, मासे संथ वळायचे, आणि काकांना वाटायचं, आपणही पाण्याखालीच बसलोय, कारखाना कुठंतरी लांब गुणगुणतोय. घरीही तीच तंद्री.

"अहो, पोळी हातात धरून कुठं पोहताय?" बायको म्हणायची. काका लाजून हसायचे.

"मासे मजेत आहेत," असं ते मॅनेजरसाहेबांना रोज सांगायचे. साहेब मान डोलवायचे.

मग कंपनीच्या पर्यावरणकार्याचं कौतुक करायला पाहुणे येणार असं ठरलं. सगळ्यांना हिरव्या टोप्या मिळाल्या. "टोपी घातली की झाला निसर्गाचा उद्धार!" रंगारी खिदळले. काकांना मात्र मनापासून आनंद झाला होता. आपलं पाणी आता चारचौघांना दिसणार होतं.

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी काका आले, तर सातही मासे पोट वर करून तरंगत होते. पाण्याला औषधाचा उग्र वास येत होता.

"काल संध्याकाळी मीच टाकीत नळाचं पाणी भरून घेतलं," साहेब चाचरत म्हणाले. "म्हटलं, उगाच धोका नको."

"नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, साहेब! आपल्या पाण्यात अकरा महिने जगले होते हे!"

"हेच मासे?" साहेब बघतच राहिले. "मला वाटायचं, मेले की तुम्ही नवे आणून सोडता. सगळीकडे तसंच चालतं ना? बरं, आता तरी पटकन सात आणा."

काका जागचे हलले नाहीत. तेवढ्यात पाहुणे आलेच. त्यांच्यातल्या एक बाई टाकीवर वाकल्या. "हे तुमचं पाणी?"

साहेबांनी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "नाही बाई. आमच्या पाण्यावर आमच्याच साहेबांचा विश्वास नव्हता."