घागरीतला भूकंप

इतवारीतले माझ्या ओळखीचे एक भांडेवाले पितळी घागर कानाला लावून भूकंप सांगतात. "उद्या जमीन हलते बरं का, मास्तर," एवढंच. कुठली जमीन, ते विचारायचं नाही. जगात कुठे ना कुठे हलतेच. मग बातमी आली की त्या ऐटीत दिवसभर ते गिऱ्हाइकाशी भावसुद्धा करत नाहीत.

शेवटी मी पैज लावली. महिनाभर त्यांनी फक्त आपल्या देशापुरतं सांगायचं आणि मी रोज नाणं उडवायचं. छापा पडला तर हलणार, काटा पडला तर नाही. महिना संपला तेव्हा नाणं त्यांच्यापेक्षा तीन दिवस जास्त बरोबर निघालं होतं.

मला वाटलं, आता खजील होतील. त्यांनी नाणं उचललं, घागरीसारखंच कानाला लावलं आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग दुखावल्या आवाजात म्हणाले, "मास्तर, याले तर सारं समजते. इतके दिवस मले काहून नाही सांगितलं?"