दुष्काळातली वाफ

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा गावात कचेऱ्या उगवत होत्या आणि विहिरी आटत होत्या. टँकर दिसला की कुत्रीसुद्धा रांगेत उभी राहत. अशात मला कचेरीतल्या टेलिफोन ऑपरेटरच्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं आणि नेमकी सर्दी झाली. सर्दी अशी, की मी घरात शिंकले तर मुरुडच्या बाजारातली ज्वारी उडावी. परीक्षा आवाजाची, आणि माझा आवाज रांजणाच्या तळाशी बसलेला!

मुलाखतीच्या सकाळी सासूबाईंनी पातेलंभर पाणी उकळून त्यात चिमूटभर ओवा टाकला.

"आत्याबाई, एवढं पाणी?"

"गप. डोकं घाल घोंगडीत. अन् तोंड जरा लांब ठेव, भाजलीस तर साहेब भूत समजून पळंल."

घोंगडीखाली मी निजामाच्या हमामात बसल्यासारखी बसले. नाकाची दोन्ही दारं धाडकन उघडली. असा श्वास ओढला की घोंगडीच आत जायची. मग शिंकांची माळ लागली.

"गेली सर्दी, आत्याबाई!"

"गेली न्हाई. दाराशी बसून हाय. ती परतायच्या आत बोलून ये, पळ!"

पळाले. साहेबांसमोर चाकूर, उदगीर, नायगाव अशी गावं खणखणीत पुकारली आणि कचेरीच्या पायऱ्या उतरताना नाक पुन्हा बंद! म्हणून वाफेनं सर्दी बरी होते, असं मी कुणाला सांगत नाही. घटकाभर मोकळं वाटतं, एवढंच. सर्दी तिच्या मर्जीनं गेली. नोकरी मात्र निवृत्तीपर्यंत टिकली.

घरी आले तर आत्याबाई ओसरीवर, ओठ सुकलेले.

"जेवला न्हाईत?"

"पूजा कुठं झालीय?"

आंघोळीशिवाय त्या गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा करत नसत आणि पूजेआधी पाण्याचा घोटही घेत नसत. त्यांच्या आंघोळीचं पाणी मी नाकानं ओढलं होतं.

"पण पातेल्यात उरलं होतं की!"

"त्यात तू शिंकलीस की गं! देवाला चालतंय व्हय ते? म्हशीला पाजलं."

संध्याकाळी टँकर आला. मी अशी धावले, की ड्रायव्हरला वाटलं, बाई टँकरच पळवते. पहिली घागर त्यांच्या न्हाणीत ओतली. एवढ्या पुण्याची घागर मी पुन्हा कधी उचलली नाही.

पूजा आटोपून त्या जेवायला बसल्या. मी भाकरी वाढली. पहिला घास मोडताना त्यांनी विचारलं, "साहेबाला नीट ऐकू आलं ना?"