दांड्याला हात फक्त नाकेदाराचा

नाकेदाराला आयुष्यात एकच काम झकास जमायचं, दांडा खाली घेणं आणि वर सोडणं. हसू नका, ते वाटतं तितकं सोपं नव्हतं. पुलाच्या तोंडाशी आडवा पडणारा तो लांबलचक लाकडी दांडा. त्याच्या एका टोकाला दगडांनी भरलेली लोखंडी पेटी, दुसऱ्या टोकाला दोरी. दोरी खुंटीला बांधली की रस्ता बंद. सोडली की पेटीच्या वजनानं दांडा वर. नवख्यानं दोरी एकदम सोडली तर पेटी धाडकन खाली यायची आणि कुणाच्या तरी पायाचा चेंदामेंदा व्हायचा. म्हणून जुन्या काळापासून नियम होता की दांड्याला हात फक्त नाकेदाराचा. राजे गेले, राज्यं गेली, पण हा नियम मेला नाही. नाकेदाराला त्याचा भारी अभिमान. लोक त्याला दांडेकाका म्हणायचे, तर तो वरवर चिडायचा आणि आतून फुलायचा.

तो नोकरीला लागला तेव्हा नदीच्या अलीकडे एक राज्य होतं आणि पलीकडे दुसरं. नदी खोल, पूल एकच. परदेशाची हद्द म्हणावी, पण कसली हद्द आणि कसलं काय! नाकेदाराची बायको पलीकडची. मित्र चिडवायचे, "परदेशी बायको केलीस रे." आणि परदेश केवढा लांब, तर सासूबाईंनी अंगणातून हाक मारली तर ती चौकीत ऐकू यायची. पलीकडचा भट्टीवाला रोज सकाळी पावांची हातगाडी घेऊन यायचा.

"काय माल आहे?" नाकेदार दरडावायचा.

"तोफा आहेत. जरा गरम आहेत, सांभाळून." भट्टीवाला एक पाव त्याच्या हातावर ठेवायचा आणि पुढं निघायचा. झाली तपासणी.

मग दोन्ही राज्यं मिळून एक देश झाला. आजूबाजूचे देश कधीच कर्तेसवरते होऊन बसले होते, हा बापडा उशिरा जन्मला. आणि त्याच वर्षी निवडणूकही जन्माला आली. जुळीच म्हणा ना. आता घरात जुळी झाली आणि एक किरकिरं निघालं की सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे, दुसरं रडून रडून झोपतं. तसंच झालं. "देश अजून कच्चा आहे" हे वाक्य तेव्हा सुरू झालं ते थांबलंच नाही. पलीकडचं कोर्ट उचलून अलीकडे आणलं, का तर एक देश, एक कोर्ट. दवाखाना आणला. कुणी विचारलं की बाबांनो, पलीकडच्या बाळंतिणीनं काय पूल ओलांडत यायचं? उत्तर ठरलेलं, "आत्ता नको, देश कच्चा आहे."

दांडा मात्र त्या वर्षी वर गेला आणि काही वर्षं वरच राहिला. नाकेदाराची जागा रद्द करायचा कागद राजधानीहून यायचा राहिला, म्हणून तो रिकाम्या रस्त्याशेजारी खुर्ची टाकून पगार खात बसायचा. सुखाचे दिवस होते ते. मग दूर कुठल्याशा कोपऱ्यात काही गडबड झाली आणि दांडा "तात्पुरता" खाली आला. तात्पुरता! सरकारी तात्पुरतं म्हणजे माणसाचा जन्म. दोन देश होते तेव्हा लोक मान हलवून पलीकडे जायचे, एक देश झाला आणि पिशव्या उघडून दाखवायला लागले. भट्टीवाल्याला पहिल्यांदा सगळे पाव उलटेपालटे करून दाखवावे लागले, तेव्हा नाकेदारानं त्याच्याकडे बघितलं नाही.

नाकेदाराला एकच लेक. तिला दिली पलीकडे, आईच्या माहेरच्याच गल्लीत. तिथल्या शाळेत ती शिकवायची. एका सुट्टीच्या दिवशी ती आली, आईच्या हातचं जेवली, आणि हात पुसत म्हणाली, "बाबा, मी उभी राहतेय."

"कुठं?"

"निवडणुकीला."

"खाली बस," नाकेदार म्हणाला.

बसते कसली! आईवर गेलेली. तिचं मागणं एवढंच होतं, की दवाखाना आणि कोर्ट पलीकडे परत द्या. वेगळं व्हायचं नाव तिनं कधी काढलं नाही. उलट भाषणात म्हणायची, हा देश माझा आहे म्हणून मी त्याच्याकडे मागतेय, परक्याकडे कोण मागायला जातं? पण दोन आठवड्यांत भिंतींवर कागद लागले, त्यांवर एकच शब्द, "फुटीर". दवाखाना मागितला की फुटीर! नाकेदारानं चौकीसमोरचा एक कागद नखांनी खरवडून काढला आणि मग घाबरून इकडेतिकडे बघितलं.

गंमत म्हणजे, ती जिंकणार असं सगळ्यांनाच वाटत होतं. अलीकडेही तिची माणसं होती, पण खरी मतं पलीकडची. आणि मतदानाचं केंद्र एकच, अलीकडची शाळा. एक मतदारसंघ, एक केंद्र. म्हणजे पलीकडच्या प्रत्येक मताला नाकेदाराच्या दांड्याखालून यावं लागणार.

हे लक्षात आल्यावर तो तडक जिल्ह्याच्या साहेबांकडे गेला. साहेब गोड माणूस, कधी आवाज चढवायचे नाहीत. नाकेदाराला खुर्ची दिली, चहा मागवला.

"साहेब, माझी बदली करा. मतदानापुरती तरी करा. लेक उभी आहे, मी नाक्यावर बरा दिसत नाही."

"अहो, उलट!" साहेब म्हणाले. "तुम्हीच हवे. दुसरा ठेवला तर पलीकडचे म्हणतील, अन्याय झाला. बाप आहे म्हटल्यावर कोण काय बोलणार?"

"मग मी नोकरीच सोडतो."

"आज?" साहेबांना खरोखर वाईट वाटल्यासारखं दिसलं. "आज सोडलीत तर निवडणुकीच्या कामात अडथळा धरतील हो. आणि उमेदवाराचा बाप म्हटल्यावर तो कुणाच्या खात्यावर जाईल, सांगा बरं? घर नवं बांधलंय दांडेकाका. भिंती ओल्या आहेत. आपण सगळ्यांनी जरा जपून वावरायचं, इतकंच."

साहेबांच्या तोंडी दांडेकाका ऐकून त्याला शिसारी आली. तरी चहा त्यानं पूर्ण प्यायला. सवय हो, दुसरं काय.

मतदानाच्या दिवशी सकाळी चौकीतला फोन वाजला. पलीकडून दंगलखोर घुसणार अशी खबर आहे, मतदान संपेपर्यंत पूल बंद. दांडा खाली. नाकेदार म्हणाला, "साहेब, माणसं तर मत द्यायला येतायत." फोनवर साहेबांचा शांत आवाज आला, "आदेश मी दिलाय. दांडा तुमच्या हातात आहे."

फोन ठेवून तो बाहेर आला. शिपाई होते, पण दांड्यापाशी एकही नाही. सगळे दूर शाळेच्या वळणावर, पाठ करून उभे. पुलाच्या टोकाशी नाकेदार एकटा, दोरी आणि खुंटी. त्याला हे चमत्कारिक वाटलं. दंगल होणार असेल तर शिपाई इथं नकोत का?

पलीकडून माणसं यायला लागली. चांगले कपडे घातलेली, म्हाताऱ्यांना हाताला धरून आणलेली. पुढं भट्टीवाला, आज हातगाडी नाही, दाढी केलेली.

"उघड रे दांडेकाका. तोफा आणल्या नाहीत आज."

"पूल बंद आहे."

"थट्टा पुरे."

"बंद आहे रे बाबा. आदेश आहे."

भट्टीवाल्याचं हसू हळूहळू गेलं. मागून ओरडा सुरू झाला. कुणी म्हणालं, बाप आहे की वैरी? चौकीमागच्या खोलीतून नाकेदाराची बायको बाहेर आली, ओला हात पदराला पुसत.

"उघडा की! माझ्या माहेरची माणसं उन्हात उभी आहेत आणि तुम्ही खुंटीसारखे काय उभे आहात?"

नाकेदारानं दोरीकडे हात नेला. अगदी नेला. गाठ कशी सुटते ते त्याच्या बोटांना डोळे मिटूनही माहीत होतं. आणि तेव्हाच त्याला रस्त्यापलीकडच्या झाडाखाली एक माणूस दिसला. स्टुलावर बसलेला, पुढ्यात तिपाईवर कॅमेरा, आणि कॅमेऱ्याचं तोंड सरळ दांड्याकडे. तो फोटोवाला सकाळपासून तिथं होता. शाळेपुढच्या रांगेचे फोटो त्यानं काढले असतील नसतील, पण इथं तो डोळ्यांत तेल घालून बसला होता. नाकेदाराचा हात दोरीकडे गेल्याबरोबर तो काळ्या कापडाखाली वाकला.

नाकेदाराचा हात तिथंच थिजला. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शिपाई दूर का, तो इथं एकटा का, साहेबांनी बदली का केली नाही. उमेदवाराचा बाप आदेश मोडून दांडा उघडतोय, हा फोटो त्यांना हवा होता.

गर्दी दुभंगली आणि लेक पुढं आली. पहाटेपासून घराघरांत फिरून हीच माणसं तिनं गोळा केली होती, घसा बसला होता. ती दांड्यापाशी आली. बाप अलीकडे, ती पलीकडे, मधे हातभर जाडीचं लाकूड.

"तो झाडाखालचा बघ," नाकेदार पुटपुटला.

तिनं बघितलं. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही, हुशार पोर.

"बाबा, उघडू नका."

"अगं, पण ही माणसं..."

"तुम्ही उघडलंत तर निवडणूकच रद्द करतील. अलीकडची मतंसुद्धा जातील. मला आत टाकतील, तुम्हालाही."

"आणि नाही उघडलं तर?"

तिनं मागच्या माणसांकडे वळून बघितलं.

"सांग ना, नाही उघडलं तर काय?"

"हरते," ती म्हणाली. "पण हरले तर पुन्हा उभी राहू शकते."

मग ती वळून लोकांना समजवायला लागली. दांड्याखालून कुणी वाकून जायचं नाही, ढकलायचं नाही, दगड तर बिलकूल नाही. त्यांना दंगल हवीच आहे, आपण द्यायची नाही. सरळ रांगेत उभं राहायचं. भट्टीवाला म्हणाला, "म्हणजे आम्ही आलो काय आणि नाही काय, सारखंच?" तिनं त्याला हाताला धरून दांड्यापाशी पहिला उभा केला. तरी रांग लागली. पुलाच्या पार त्या टोकापर्यंत माणसं उभी राहिली, शहाण्यासारखी. कुणी खाली बसलं, कुणी पाणी मागवलं. नाकेदाराच्या बायकोनं घरातून घागर काढून दांड्यावरून तांब्यानं पाणी द्यायला सुरुवात केली, तर फोटोवाल्यानं त्याचाही एक काढला. बायको त्याच्यावर अशी खेकसली की तो स्टुलासकट मागं सरकला.

दिवसभर नाकेदार दोरीपाशी उभा. दर थोड्या वेळानं चौकीत जाऊन फोन करायचा, "साहेब, शांतता आहे, आता उघडू का?" आणि तोच गोड आवाज, "थोडं थांबा." त्याला रडायला येत होतं आणि रडायची चोरी, समोर कॅमेरा, मागं बायको, पुढं लेक. सगळा जन्म ज्या नियमाच्या जोरावर तो मिरवला, त्याच नियमानं त्याला त्या खुंटीला जखडलं होतं. शिपायानं दांडा धरला असता तर शिव्या शिपायाला बसल्या असत्या. बंद ठेवायचा तरी त्याच्याच हातानं आणि उघडायचा तरी त्याच्याच.

ऊन उतरलं. शाळेतून मतपेट्या बाहेर आल्या, लाखेची मोहर लागली, गाडीत चढल्या. गाडी वळणाआड गेली आणि फोन वाजला.

"दांडेकाका, कमाल केलीत. एक दगड पडला नाही. आता उघडा."

त्यानं गाठ सोडली. दोरी हाताहातानं सैल सोडत, कुणाला लागू नये म्हणून जपून, दांडा वर जाऊ दिला. पूल सताड मोकळा झाला.

कुणीही पाऊल पुढं टाकलं नाही.

भट्टीवाला त्या मोकळ्या जागेकडे बघत उभा राहिला. एवढ्या वर्षांत त्यानं ती जागा किती वेळा ओलांडली असेल, आणि आज त्याला ती ओळखीची वाटेना. तो वळला. त्याच्यामागं दुसरा वळला, मग सगळी रांग. भांडण नाही, घोषणा नाही. नाकेदार म्हणाला, "अरे, थांबा की, आता या!" आणि स्वतःच्याच आवाजाची त्याला लाज वाटली.

लेक शेवटी थांबली होती.

"तू तरी ये. आई वाट बघतेय."

"त्यांना एकटं कसं सोडू, बाबा? त्यांना मीच आणलं होतं ना." तिचा आवाज फुटला. "तुमचं काही चुकलं नाही. माझंही नाही. तरी बघा कसं झालं." तिनं डोळे पुसले आणि ती त्यांच्यामागून गेली.

तेवढ्यात झाडाखाली कॅमेऱ्याचा खट् असा आवाज झाला. नाकेदाराला वाटलं, आता कशाला? आता काय आहे काढण्यासारखं?

ते दोन दिवसांनी पेपर आला तेव्हा कळलं. पहिल्या पानावर फोटो होता. दांडा वर गेलेला, पूल मोकळा, दूरवर पाठमोरी माणसं, आणि दोरी धरून उभा नाकेदार, चेहरा पलीकडे वळलेला, जणू कुणाला बोलावतोय. खाली छापलं होतं, उमेदवाराच्या वडिलांनी स्वतः मार्ग खुला ठेवूनही पलीकडच्या जनतेनं मतदानाकडे पाठ फिरवली. ज्यांना मत द्यायचंच नाही त्यांच्या मतदारसंघाची जागा यापुढं सरकार नेमणुकीनं भरेल. देश कच्चा आहे तोवर.

बायकोनं पेपर दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ बघितला.

"हा फोटो बघेपर्यंत," ती म्हणाली, "मला पक्कं माहीत होतं की तुम्ही दिवसभर बंद ठेवला होता म्हणून. पण आता बघितला, आणि मी स्वतः तिथं होते तरी वाटतंय की उघडाच होता." मग तिनं पेपर त्याच्यापुढं ठेवला. "जा, सांगून या कुणाला तरी. खोटं आहे म्हणून सांगा."

"कुणाला?" नाकेदार म्हणाला.

ती विचार करत बसली. तोही बसला. त्या दोघांना एकही नाव सुचलं नाही.